डावा चार, उजवा सहा

आमच्या गोदामात चपला आणि सँडल बंद झाल्या, त्या एका बाईच्या पायावर खोकं पडलं म्हणून. तिच्या अंगठ्याचं नख गेलं, बाकी काही झालं नाही. पण दुसऱ्याच दिवशी गेटवर कागद चिकटला की पुढच्या सोमवारपासून बंद बूट असल्याशिवाय कुणालाही आत सोडलं जाणार नाही. आमची सुपरवायझर माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. तिने शिफ्ट सुरू व्हायच्या आधी सगळ्यांना उभं करून तो कागद वाचून दाखवला.

"कसलेही चालतील, काळे असले तर बरं. पण बोटं आणि टाच दोन्ही झाकलेली पाहिजेत," ती म्हणाली.

बायका कुरकुरल्या. कुणाला गरम होणार होतं, कुणाला साडीवर बूट कसे दिसतील याची काळजी होती. माझी अडचण वेगळी होती आणि ती मी आजवर कुणाला सांगितलेली नव्हती.

माझे दोन पाय सारखे नाहीत. उजव्याला सहा नंबर लागतो, डाव्याला चार. मी जन्मले तेव्हा डावं पाऊल आतल्या बाजूला वळलेलं होतं. राहनाळच्या जवळच आमचं गाव. तिथून आई दर आठवड्याला मला कडेवर घेऊन ठाण्याच्या सरकारी दवाखान्यात न्यायची, प्लास्टर बदलून घ्यायला. प्लास्टर भिजू नये म्हणून वर प्लॅस्टिकची पिशवी बांधायची. वर्षभरात पाऊल सरळ झालं. मी वेळेवर चालले, पळायलाही लागले. पण ते पाऊल वाढायला कायम मागेच राहिलं आणि त्या बाजूची पोटरीही बारीक राहिली. मी लंगडत नाही. साडीत किंवा सलवारीत काही कळत नाही. पाय उघडे करून शेजारी शेजारी ठेवले तरच दिसतं.

आणि शेजारी शेजारी ठेवायचे नाहीत, ही आईची शिकवण. शाळेच्या काळ्या बुटांच्या वेळी ती मोठ्या पायाच्या मापाची जोडी घ्यायची. शेतीची कामं संपली की वडील लूमवर, म्हणजे कापडाच्या यंत्रमागावर जायचे, तिथून ते खिशात सुताचा गुंता घेऊन यायचे. तो आई माझ्या डाव्या बुटाच्या टोकात कोंबायची. कवायतीच्या वेळी 'बाएँ मूड' झालं की माझा डावा बूट जागेवर राहायचा आणि आतला पाय वळायचा. दोनदा पडले, तेव्हापासून गुरुजींनी मला रांगेच्या शेवटी उभं करायला सुरुवात केली. हळदीकुंकवाला, देवळात मी चप्पल सगळ्यात शेवटी काढायची आणि परत निघताना सगळ्यात आधी घालायची. "कोनाला दाखवाची गरज न्हाय," आई म्हणायची. रागाने नाही, केस विंचरताना सांगावं तशी सांगायची.

लग्न ठरताना वडिलांनी मुलाकडच्यांना सरळ सांगून टाकलं. आई दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. लग्नानंतर मिस्टर एकदाच त्या विषयावर बोलले. "डाव्या पायातली जोडवी मोठी होताहेत, सोनाराकडून कमी करून आणतो." आणली. त्यानंतर वीस वर्षांत आमच्या घरात माझ्या पावलांवर चर्चा झालेली मला आठवत नाही. मी पट्ट्याच्या सँडल वापरायची, सहा नंबरच्या, आणि मोच्याकडून डाव्या पट्ट्याला दोन भोकं जास्त पाडून घ्यायची. तेवढ्यावर निभलं. मिस्टर कामतघरला एका लूमच्या कारखान्यात मेहता आहेत, म्हणजे कामगारांची हजेरी आणि मालाची नोंद बघतात. तिथल्या निम्म्या लूम बंद झाल्या तेव्हा मी गोदामात पॅकिंगला लागले. तिथेही सँडलनेच चार वर्षं निघाली.

कागद लागला त्या संध्याकाळी मी बाजारात चार दुकानं फिरले. पहिल्या दुकानदाराला वाटलं मी चेष्टा करतेय. दुसरा म्हणाला, दोन जोड्या घ्या, चारची एक आणि सहाची एक. घरात मुलीच्या कॉलेजची फी भरायची होती, आणि दोन बूट कायमचे कपाटात पडून राहणार हेही मनाला पटेना. तिसऱ्याने शांतपणे सांगितलं, "जोडी फोडता येत नाही ताई. उरलेली मी कुणाला विकू?" त्याचंही चूक नव्हतं. चौथ्या दुकानात मी काही न सांगता सहाचे बूट घातले, डाव्यात दोन मोजे आणि वर जाड सोल टाकून. दुकानाच्या दोन पायऱ्या उतरले आणि टाच बाहेर आली. आमच्या गोदामात लोखंडी जिना आहे. मी बूट परत दिले.

पॅकिंगला माझ्या शेजारी बसणारीने राहनाळच्या रस्त्यावरच्या शेडबद्दल सांगितलं. बंद पडलेल्या दुकानांचा, ऑनलाइनवरून परत आलेला असा सगळा माल तिथे ढिगाने लावलेला असतो आणि निम्म्याहून कमी भावात मिळतो. "माझ्या तिन्ही पोरांचे तिथूनच घेते," ती म्हणाली. "फक्त शोधायला लागतं. एक बूट सापडला तर दुसरा सापडेलच असं नाही." ती सहज बोलली, पण ते शेवटचं वाक्य माझ्या डोक्यात राहिलं.

आई तेव्हा आमच्याकडे टेमघरला आली होती. तिच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन दहा-बारा दिवस झाले होते आणि तो हिरव्या काचेचा चष्मा ती झोपतानाच तेवढा काढायची. रविवारी सकाळी मी पिशवी उचलली तर तीही पदर खोचून तयार.

"मी पन येतंय. माझी चप्पल तुटलीय."

"मी आणते ना तुझ्यासाठी."

"माझ्या पायाचा माप तुना काय ठाव?"

शेअर रिक्षाने आम्ही गेलो. शेड पूर्वी लूमचीच होती. खाली फरशीत लूम बसवायचे बोल्ट तसेच वर आलेले होते, कुणी अडखळू नये म्हणून प्रत्येकावर उलटा डबा घातलेला. वर पत्र्याखालच्या लोखंडाला जुन्या सुताची पांढरी लव अजून चिकटलेली होती. जमिनीवर ताडपत्र्या अंथरून बुटांचे ढीग लावलेले, प्रत्येक ढिगावर पुठ्ठ्यावर भाव लिहिलेला. बुटांच्या जोड्या नायलॉनच्या दोरीने एकमेकांना बांधलेल्या, त्यामुळे घालून बघायचं तर दोन्ही पाय जवळ घेऊन बेडकासारखं उभं राहायला लागायचं. रबर आणि सोल्युशनचा वास होता. भिंतीवर रंगाने लिहिलं होतं, 'नीट बघून घ्या, परत घेणार नाही.' बरीच माणसं होती, बहुतेक सगळी घरदार घेऊन आलेली.

दाराशी टेबल टाकून मालक बसले होते. साठी ओलांडलेले, पांढरी टोपी, पांढरी दाढी, इथलेच कोकणी मुसलमान. ही शेड आणि त्यातल्या लूम त्यांच्याच होत्या, हे मला नंतर कळलं. आत मधोमध एक बाई स्टुलावर बसली होती. माझ्याच वयाची असेल. तिच्या पुढ्यात एक मोठं पोतं आणि मांडीवर दोरीचं बंडल. लोकांनी उचकून टाकलेल्या जोड्या ती परत लावत होती. हाताला लागलेला बूट उचलायची, उलटा करून सोलवरचा नंबर बघायची आणि दहा-पंधरा बुटांतून त्याचा जोडीदार नेमका ओढून काढायची. नजर एकीकडे, हात दुसरीकडे. आणि ज्याला जोडीदार नाही तो पोत्यात टाकायची.

आईला चपलांच्या ढिगाशी सोडून मी काळ्या बुटांच्या ढिगाकडे गेले. सहाची एक जोडी घेतली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. उजवा बूट चपखल बसला. डाव्यात मी चौथ्या दुकानातल्यासारखे दोन मोजे चढवले होते. दोरी बांधलेली असल्याने चालून बघता येईना, म्हणून मी जागच्या जागी पाय उचलून टाच वर येते का ते बघत होते. येत होती.

"ताई," मागून आवाज आला. "तुमचा डावा लहान हाय काय?"

तीच स्टुलावरची बाई. तिच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं. भाजीवाल्याने मेथी हवी का विचारावं, तसंच तिने विचारलं. पण आवाज खणखणीत होता. शेजारी एक नवरा-बायको मुलाला बूट घालत होते, त्यांनी वळून आधी तिच्याकडे आणि मग माझ्या पायाकडे बघितलं.

मी काही बोलायच्या आत आई तिथे आली. हातात एक चप्पल, डोळ्यावर तो हिरवा चष्मा. "काय न्हाय झाला," ती त्या बाईला म्हणाली. "जरा सूज आलीय तिच्या पायाला. तू तुझा काम कर."

"सूज आली तर पाय मोठा दिसंल ना मावशी."

आईने हातातली चप्पल ढिगावर टाकली. माझं मनगट धरलं. "चल घरा," म्हणाली. मी दोरीत अडकलेले पाय सोडवले, सँडल चढवली आणि तिच्यामागे बाहेर पडले. बेचाळीस वर्षांची मी, स्वतःची मुलगी कॉलेजात जाणारी, आणि आईने हात धरून ओढलं तर निमूट चालू लागले.

आम्ही रिक्षाच्या कोपऱ्यावर आलो. उन्हं चढली होती आणि मालाचे ट्रक एकामागून एक जात होते, त्यांच्या धुळीत उभं राहवेना. आम्ही एका बंद गोदामाच्या ओट्यावर बसलो.

"ती मोठ्यानं बोलली," आई म्हणाली. "सगली बगायला लागली."

"आये, मला उद्या गेटवर आत सोडणार नाहीत."

"दुसरीकडं बगू."

"दुसरीकडे बघून झालं. चार दुकानं फिरले. तिथे पोत्यात एकेकटे बूट पडलेत. मी तिला विचारायला हवं होतं, ते तिनेच विचारलं आणि तू मला उठवून आणलंस."

मी आईशी अशी कधी बोललेली नव्हते. मला वाटलं आता रागावेल. तिने पदराने तोंड पुसलं.

"तू पोटात हुतीस," ती म्हणाली. "गिरान लागलेला. माझी सासू सांगत हुती, गप बसून रा, काय चिरू नको. तुझा बापूस शेतावरून येनार, भुकेला येनार. मी इलीवर बसले. भेंडी चिरली."

हे मी पहिल्यांदाच ऐकत होते. भाऊबंदांतल्या बायका आईबद्दल काहीतरी कुजबुजतात एवढं लहानपणी जाणवायचं, पण काय ते कधी कळलं नव्हतं. ग्रहणात गर्भार बाईने चिरलं-कापलं की मुलात व्यंग येतं, हे आमच्याकडे सगळे मानायचे. आई गेली बेचाळीस वर्षं भेंडी चिरल्याचं मनात ठेवून होती.

"दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं का, की असं काही नसतं?"

"सांगितला ना. दोनदा सांगितला."

"मग?"

"डाक्तर सांगून त्याच्या घरा गेला. तुझा पाय रोज मना धुवायला लागायचा."

एक रिक्षा आली, थांबली, आम्ही उठत नाही बघून गेली. पाय लपवायला सांगणारी आई मला नेहमी माझ्यासाठी लाजणारी वाटायची. ती स्वतःला लपवत होती हे त्या ओट्यावर कळलं. मी तिला म्हटलं की मुलं अशी कुठेही जन्मतात, शहरातल्या शिकलेल्या बायकांनाही होतात, त्यांनी भेंडी चिरलेली नसते. ते तिला पटलं का, सांगता येत नाही. ती "हं" म्हणाली.

मग मी उठले. "मी परत जातेय. तू बस इथे, मी येते."

"एकटी कशाला बसू," म्हणून ती मागोमाग आली.

आम्ही परत आलो तेव्हा स्टुलावरची बाई जोड्याच लावत होती. मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले. वाक्य मी वाटेत जुळवून आणलं होतं. "डावा चार, उजवा सहा. काळे, बंद. मिळतील का?"

"बसा," ती म्हणाली आणि पोतं उलटं केलं.

पन्नास-साठ बूट खाली सांडले. आम्ही तिघी जमिनीवर बसलो. तिने कामं वाटून दिली. मी चार नंबरचे डावे वेगळे काढायचे, आईने काळे नसतील ते बाजूला सारायचे. आईला ऑपरेशनच्या डोळ्याने नीट दिसत नव्हतं, ती निळे बूटही काळ्यांत टाकत होती. बाई काही न बोलता ते उचलून परत बाजूला ठेवायची. काम करता करता ती बोलत होती. याच शेडमध्ये ती अठरा वर्षं कांड्या भरायची, म्हणजे लूमच्या धोट्यात घालायच्या नळ्यांवर सूत गुंडाळायचं काम. लूम भंगारात गेल्या तेव्हा शेठने विचारलं, बुटांचं काम करशील का. "सूत काय, बूट काय, हाताला सवय पायजे," ती म्हणाली. मी विचारलं, माझा पाय लहान आहे हे तिला कसं कळलं. ती म्हणाली, ढिगातून बूट काढताना लोक उजवा घालून बघतात, तो बसला की डाव्याकडे बघत नाहीत. "तुम्ही सारखा डावाच उचलून बगत हुत्या. आन तोंड भिंतीकडं."

चार नंबरचे काळे डावे सात निघाले. त्यातले तीन माझ्या पायात बसले. पण त्यांच्या जातीचा उजवा सहा पोत्यात एकही नव्हता. एकाचा उजवा होता तो आठ नंबरचा, पुरुषाचा. दुसऱ्याचा नव्हताच. तिसरा साधा, लेस नसलेला, वर रबराची पट्टी असलेला बूट होता. तो माझ्या डाव्या पायात असा बसला की मी मोजे काढून पुन्हा घालून बघितला. बोटांपुढे रिकामी जागा नव्हती. टाच धरून ठेवली होती. माझ्या डाव्या पायाला त्याच्या मापाचं पायताण पहिल्यांदाच मिळत होतं. लहानपणी प्लास्टर तेवढं मापाचं असेल.

"ह्याचा सहा हाय," बाई म्हणाली. "पन जोडीत हाय." ती उठून ढिगातून नेमकी ती जोडी घेऊन आली. सहाचे दोन्ही, नवेकोरे, एकमेकांना बांधलेले. "फोडायची तर शेठला इचारायला लागंल."

मालक टेबलावरून उठून आले. तिने थोडक्यात सांगितलं. त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला आणि बूट हातात घेऊन उलटसुलट केले.

"पोत्यातला असता तर तसाच दिला असता," ते म्हणाले. "ते आम्ही भंगारात टाकतो. पण ही चांगली जोडी आहे. ही फोडली की माझ्याकडे अजून एक एकटा उरेल. एकाला दिली तर उद्या दुसरा येईल, म्हणेल मला डावा मोठा द्या, मला रंग वेगळा द्या. दुकान नाही चालत असं."

त्यांचं बरोबर होतं, आणि तिसऱ्या दुकानदाराने जे सांगितलं तेच ते सांगत होते. मी म्हणणार होते, राहू द्या. तेवढ्यात आईने माझी साडी घोट्याच्या वर सारली. मी मागे सरायच्या आत तिने माझा डावा पाय उजव्याच्या शेजारी आणून ठेवला, अंगठ्याला अंगठा लावून. वर डोळ्यावरचा तो हिरवा चष्माही काढला.

"हे बगा," ती मालकांना म्हणाली. "रंगासाठी कोनी मागत न्हाय. जन्माचा हाय. मीच जन्म दिलाय. ठान्याला नेऊन सरल केला, पन वाढला न्हाय."

शेडमधली पाच-सहा माणसं बघत होती. सकाळचे ते नवरा-बायकोही अजून तिथेच होते. मला लाज वाटली नाही असं म्हणणार नाही. पण पाय मागे घेतला नाही.

मालकांनी पाहिलं, मग नजर आईकडे वळवली. "कुठल्या गावच्या तुम्ही, बाय?"

आईने गावाचं नाव सांगितलं. त्या गावचे आठ-दहा जण त्यांच्या लूमवर होते म्हणाले, भात लावणी आली की सगळे एकदम सुट्टीवर जायचे आणि शेडमध्ये शुकशुकाट व्हायचा. आई म्हणाली, माझा घरवालाही लूमवर होता, पण दुसऱ्या शेठकडे. थोडा वेळ ते त्या दुसऱ्या शेठबद्दल बोलत राहिले. मी दोन्ही पाय अनवाणी, शेजारी शेजारी ठेवून तशीच उभी.

"फोड," शेवटी ते त्या बाईला म्हणाले. "उरलेला पोत्यात टाक. भाव जोडीचाच लागेल."

"जोडीच हाय ती," बाई म्हणाली आणि दोरी दाताने तोडली.

आईने मग स्वतःच्या चपलेच्या भावावरून एवढी घासाघीस केली की मालकांनी कंटाळून तिच्याकडून वरचे सुट्टे पैसे घेतलेच नाहीत. निघताना मी त्या बाईला माझा नंबर दिला. तिने नाव विचारलं नाही. मोबाइलमध्ये 'डावा चार' असं लिहून ठेवलं.

सोमवारी मी गेटवर बूट दाखवून आत गेले. सुपरवायझरने एक नजर टाकली आणि पुढच्या बाईकडे वळली. कुणालाही काही वेगळं दिसलं नाही. दिसण्यासारखं नव्हतंच, दोन्ही काळे, दोन्ही एका जातीचे. माझ्या शेजारच्या बाईने फक्त विचारलं, कितीला पडले.

मला वाटलं होतं, त्या दिवसापासून सगळं सोपं होईल. तसं झालं नाही. चौथ्या दिवशी डावी पोटरी दुखायला लागली, नंतर कंबर. इतकी वर्षं मी सँडल निसटू नये म्हणून डाव्या पायाची बोटं आखडून चालत होते, आणि आता बोटं मोकळी सुटल्यावर पायाला कसं चालावं कळेना. कंबरेला शेक दिला, गोळी घेतली. मिस्टर म्हणाले, परत सँडल घाल, मी येऊन सुपरवायझरशी बोलतो. मी नको म्हटलं. दोन आठवड्यांनी दुखणं गेलं. लोखंडी जिना मी आता कठडा न धरता उतरते, हे एक दिवस मध्यावर आल्यावर माझ्या लक्षात आलं. दोन्ही हातांत खोकी होती.

आई गावी परत गेली. तिथे तिने हे कुणाकुणाला सांगितलं ते मला माहीत नाही, पण पुढच्या खेपेला मी गेले तर तिची जाऊ अंगणातच म्हणाली, "बगू तुझे बूट." आई आत भाकरी थापत होती. मी बूट काढले आणि तिच्या हातात दिले. तिने दोन्ही तळवे एकमेकांना लावून बघितले, फरक केवढा आहे तो बोटांनी मोजला आणि परत दिले. "बरे हायेत," म्हणाली. बस्स. आईने आतून मला हाक मारली, पाटा धुवून दे म्हणून.

पाच-सहा महिन्यांनी त्या बाईचा फोन आला. राहनाळच्या शेडमधला माल संपला होता आणि आता त्यांनी कामतघरला, आमच्या मिस्टरांच्या कारखान्यामागे, नवा माल लावला होता. "डाव्या चारच्या तीन सँडल ठेवल्यात, लवकर या," ती म्हणाली. मी ड्युटी संपवून गेले. पोतं उलटं केलं, ढीग उचकले, तासभर दोघी बसलो. त्या तिन्हीचा सहाचा उजवा काही सापडला नाही. एका सँडलचा होता, पण तो तपकिरी आणि डावा काळा.

"रंगवून घ्याल काय?" ती म्हणाली.

"नको," मी म्हटलं. "पुढच्या वेळी बघू."

तिने तिन्ही सँडल एका पिशवीत बांधून स्टुलाखाली ठेवल्या, पोत्यात टाकल्या नाहीत. मग बाहेरच्या टपरीवर आम्ही चहा प्यायलो. तिच्या सुनेला दिवस गेले होते, त्याबद्दल ती बराच वेळ बोलत होती. मिस्टरांची शिफ्ट सुटेपर्यंत मी तिथेच थांबले आणि मग आम्ही दोघं चालत घरी गेलो.